निंबर्गा डॉक्टर बंद

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. कागदावर उतरवले तर मी एका पानात मावेन आणि पानाच्या तळाला थोडी जागाही उरेल. माझ्या अंगात आज्ञा आहेत, एकीखाली एक. कुणी मला हाक मारली की संगणक त्या वरून खाली वाचतो आणि वाचेल तसे करत जातो. मी थकत नाही, विसरत नाही, आणि वरची ओळ पुरी झाल्याशिवाय खालच्या ओळीला हात लावत नाही. एवढ्याच गुणांवर मी गुलबर्ग्यात बसून मेंढ्यांची राखण केली आहे. हसू नका. कशी केली ते सांगते.

माझा जन्म गुलबर्ग्यात तूरडाळीच्या एका दुकानावरच्या खोलीत झाला. खिडकी उघडली की डाळीची भुकटी आत येई आणि संगणकावर पिवळा थर बसे. त्या खोलीत मेंढपाळांचे एक छोटे मंडळ होते. आळंद आणि भालकीच्या बाजूला मेंढ्या घेऊन हिंडणारी जी घरे होती, त्यांच्यासाठी मंडळाने एक डॉक्टर नेमला होता. तो गावोगावी जाऊन मेंढ्यांना लस टोचायचा. अडचण एकच होती. डॉक्टरचे गाव ठरलेले असे, पण मेंढपाळाचे गाव ठरलेले नसे. आज एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या, तर उद्या दुसऱ्याच्या. अशा माणसाला निरोप कुठे धाडायचा?

मोबाइल आला आणि ती अडचण सुटली. सन दोन हजार दहाच्या सुमाराला घोंगडीवाल्या म्हाताऱ्यांच्या बंडीच्या खिशातही फोन वाजू लागले होते. मंडळाने ठरवले की डॉक्टर कुठे आहे, कुठे नाही, हे रोज सकाळी मेसेजने कळवायचे.

हे काम दोघांकडे होते. ज्योती ही खटकचिंचोळीच्या श्रीपतरावांची मुलगी. घरी शेती, आणि ही संगणक शिकलेली. अनिलकुमार निंबर्ग्याचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. तो तिच्याहून लहान, म्हणून तिला अक्का म्हणे. ज्योती घरी मराठी बोलायची आणि बाजारात कन्नड. अनिलकुमार शाळेत कन्नड शिकला आणि घरच्यांशी मराठी बोलायचा. दोघांचे भांडण झाले तर ते मात्र दखनी उर्दूत होई, कारण त्या भाषेत टोमणा चांगला बसतो असे दोघांचेही मत होते.

आता मी ज्याच्या आधाराने जगते त्याची ओळख करून देते. त्याचे नाव गिट. तो एक प्रोग्राम आहे. एखाद्या फायलीत कुणी काय बदलले आणि कधी बदलले, हे सगळे तो राखून ठेवतो. आजचे बिघडले तर कालचे काढून देतो. दोन माणसे दोन गावांत बसून एकच काम करत असली तरी तो दोघांचे बदल एका जागी आणतो. आणि प्रत्येक बदलासोबत तो माणसाकडून दोन शब्द लिहून घेतो, की बाबा, काय बदललेस? त्या दोन शब्दांना आपण शेरा म्हणू.

ज्योतीला पुण्यात नोकरी लागली. तिच्या वर्गातले बहुतेक सगळे आधीच पुण्याला किंवा हैदराबादला गेले होते. मंडळाचे काम मात्र तिला सोडवेना. ती म्हणाली, "मी तिथून बघत जाईन. गिट आहे की." आणि जाण्याच्या दिवशी, बॅग दाराशी ठेवून, तिने मला लिहिले.

"रोज सकाळी ही आपोआप चालेल," ती अनिलकुमारला म्हणाली. "तू फायलीत गाव टाकतोस, जागा टाकतोस, आणि शेवटी शेरा लिहितोस. डॉक्टर जाणार नसेल तर शेऱ्यात बंद लिही. ही गिटला शेवटचा शेरा विचारेल. त्यात बंद दिसलं की सगळ्यांना बंदचा मेसेज. न्हाई दिसलं की चालूचा."

"एवढंच?"

"एवढंच. हिला जास्ती डोकं दिलं तर ही पण पुण्याला जाईल."

शेरे इंग्रजी अक्षरांत लिहायचे, कारण त्या संगणकावर दुसरी अक्षरे उमटवणे जिकिरीचे होते. तेव्हा माझ्या लेखी 'बंद' म्हणजे चार इंग्रजी अक्षरे, बी, ए, एन, डी. ती ओळीने दिसली की माझे काम ठरलेले.

मी कामाला लागले, मित्रांनो, आणि चांगले काम केले. सकाळी डाळीच्या दुकानाचे फळ्यांचे दार उघडण्याआधी माझे मेसेज रानारानांत पोचलेले असत. 'निंबर्गा डॉक्टर चालू.' 'खटकचिंचोळी डॉक्टर बंद.' लोकांनी माझी थट्टाही केली. डॉक्टर चालू, हे वाचून कुणीतरी मंडळाला फोन करून म्हणाले, "ते चालू हायत हे आम्हाला आधीपासून ठाव हाय. कुठं हायत तेवढं सांगा." पण थट्टा करणारी माणसेही मेसेज पाहूनच मेंढ्या उठवत. पहिल्या वर्षात एकदाही मी उशीर केला नाही. मंडळाच्या बैठकीत माझे नाव निघाले आणि अध्यक्षांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. नेमक्या कुणाकडे बघून वाजवायच्या हे कळेना, म्हणून लोकांनी संगणकाकडे बघून वाजवल्या.

मग ते हिवाळ्याचे दिवस आले. तुरीच्या काढण्या झाल्या होत्या आणि मोकळ्या रानांत कळप उतरले होते. तेवढ्यात आळंदच्या रस्त्यावरच्या एका गावात मेंढ्यांना देवी आल्याची बातमी आली. ही देवी म्हणजे अंगावर फोड आणणारा रोग. तो कळपात शिरला की कोकरे आधी जातात. लस आधी टोचली तर मेंढी वाचते. रोग आल्यावर टोचून उपयोग नसतो.

अनिलकुमारची मावशी म्हाळसाबाई तेव्हा निंबर्ग्याच्या शिवारात उतरली होती. नवरा वारलेला, दोन्ही मुलगे हैदराबादला इमारतींच्या कामावर. कळप ती आणि तिची सून भाग्यलक्ष्मी, अशा दोघीच सांभाळत. त्यांच्या मेंढ्या नुकत्या व्यालेल्या होत्या आणि कोकरे अजून आईच्या पोटाखालून निघत नव्हती. त्या कळपाशिवाय त्या दोघींकडे दुसरे काही नव्हते. मुलांनी हैदराबादला बोलावले तरी म्हाळसाबाई गेली नव्हती. ती म्हणे, "तिथं येऊन मी काय राखू? लिफ्ट?"

डॉक्टर ठरल्याप्रमाणे संध्याकाळच्या बसने निंबर्ग्याला पोचला. सोबत बर्फाची पेटी आणि तीत लसीच्या बाटल्या. त्याने अनिलकुमारला पोचल्याचे कळवले. अनिलकुमारच्या मनावरचे ओझे उतरले. त्याने फायलीत जागा भरली, शाळेचे मैदान, आणि आनंदाच्या भरात शेरा लिहिला: 'निंबर्गा डॉक्टर बंदा.'

मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना कन्नड येते ते आत्ताच हसले असतील. कन्नडमध्ये 'बंदा' म्हणजे 'आला'. डॉक्टर आला. बोलताना शेवटचा आ अर्धा गिळला जातो आणि ऐकणाऱ्याला 'बंद' असेच ऐकू येते. मराठीत बंद म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच.

ही चूक एकच भाषा येणाऱ्या माणसाच्या हातून झाली नसती. तो अडखळला असता, त्याने विचारले असते. ज्योतीला आणि अनिलकुमारला दोन्ही भाषा येत होत्या. दोघेही बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जात आणि ओलांडल्याचे त्यांना कळतही नसे. शब्द कुठल्या भाषेतला, हे त्यांनी एकमेकांना कधी विचारले नव्हते, कारण त्याची कधी गरजच पडली नव्हती. आणि मला तर एकही भाषा येत नाही. मी अक्षरे जुळवते. सकाळी मी उठले, गिटला शेवटचा शेरा विचारला. त्यात बी, ए, एन, डी ही अक्षरे ओळीने उभी होती. त्यांच्या मागे आणखी एक ए होता. पण मागे काय असावे आणि काय नसावे, हे मला कुणी सांगितले नव्हते. मला सांगितले होते ते मी केले. सगळ्या फोनवर मेसेज गेला: 'निंबर्गा डॉक्टर बंद.'

ज्यांना वाचता येत होते त्यांनी वाचले आणि कळप वळवले. म्हाळसाबाईचा दीर रेवणप्पा सगळ्यांच्या पुढे असे. त्याने मेंढ्या निंबर्ग्याच्या वाटेवरून काढून पलीकडच्या रानाकडे लावल्या. त्याच्यामागे बाकीचे गेले.

पुढचे मला म्हाळसाबाईनेच मंडळात येऊन सांगितले, म्हणून ठाऊक आहे. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. भाग्यलक्ष्मी उदगीरकडची, तिला अक्षरे लावून वाचता येई, पण कन्नड अजून तिच्या कानांत मुरले नव्हते. तिने मेसेज वाचला, "निंबर्गा... डॉक्टर... बंद."

"बंद?" म्हाळसाबाई घोंगडी झटकत म्हणाली. "लई लवकर बंद की. चल, उठीव मेंढ्या."

"आत्याबाई, बंद म्हणायलेत."

"ऐकलं की. म्हणून तर उठीव म्हणायले."

"बंद म्हणल्यावर कशाला जायचं?"

"मग काय डॉक्टर गेल्यावर जायचं? कोकरं घे तू. बोलत बसू नको."

सासूपुढे फार बोलायचे नाही, असे सुनेला माहेरी शिकवले होते. तिने दोन कोकरे काखेत मारली आणि चालू लागली. माझा चुकलेला मेसेज म्हाळसाबाईच्या कन्नड मुरलेल्या कानात शिरताना पुन्हा सरळ झाला, आणि सगळ्या शिवारातून एकच कळप निंबर्ग्याच्या शाळेकडे निघाला.

मैदानावर लिंबाखाली डॉक्टर पेटीवर हात ठेवून बसला होता. त्याने मागे पाहिले, पुढे पाहिले आणि विचारले, "बाई, तुम्ही एकट्याच? बाकीचे कुठे आहेत?"

म्हाळसाबाईने आपल्या मेंढ्या पुढे केल्या, तर तो मान हलवू लागला. लसीची बाटली एकदा पाण्यात कालवली की ती ठेवता येत नाही. एक बाटली मोठ्या कळपापुरती असते. म्हाळसाबाईचा कळप लहान. बाटल्या मोजक्या, आणि दुपारी त्याला पुढच्या गावी पोचायचे होते. "आणखी कळप आले तर कालवतो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी एक बाटली फोडली तर पुढच्या गावात कुणाला तरी नाही म्हणावं लागेल. बर्फही फार टिकायचा नाही."

म्हाळसाबाईने तिथूनच अनिलकुमारला फोन लावला. त्याने तो स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी, मेजावर ठेवला, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांना तो ऐकू आला.

"अनिल, डॉक्टर हितं हाय. मी हितं हाय. दुसरं कुणीच न्हाई. तुझा मेसेज माझ्या एकटीलाच आलाय का काय?"

"काय आलाय मावशी मेसेज?"

"डॉक्टर बंद."

अनिलकुमारने माझ्याकडे पाहिले. मग त्याने पुण्याला फोन लावला. ज्योती ऑफिसला निघाली होती.

"अक्का, डॉक्टर बंद असा मेसेज धाडलंय की हिनं."

"मग तूच लिहिला असशील शेऱ्यात."

"लिहिलो की. डॉक्टर बंदा म्हणून."

"तेच की मग."

"तेच की न्हाई अक्का. बंदा. आला. डॉक्टर आला म्हणून लिहिलो मी."

ज्योती म्हणाली, "कानडीत लिहिलास व्हय."

"मग कशात लिहू? हिला निस्तं मराठीच कळतंय हे मला कुठं ठाव?"

"हिला काहीच कळत न्हाई, अनिल. तेच झालंय. आता शेऱ्यात चालू लिही आणि हिला पुन्हा चालव. भांडण संध्याकाळी करू."

अनिलकुमारने शेरा लिहिला आणि मला हाक मारली. मी क्षणाचाही वेळ घेतला नाही. 'निंबर्गा डॉक्टर चालू.' मेसेज गेला. पण मित्रांनो, मेसेज जाणे आणि माणूस वळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकदा वळवलेला कळप पुन्हा वळवायला मेंढपाळाला चांगले कारण लागते, आणि माझ्या शब्दावरचा त्यांचा भरवसा त्या सकाळी उडाला होता.

म्हाळसाबाईने हे ओळखले. तिने स्वतः रेवणप्पाला फोन केला.

"वहिनी," रेवणप्पा म्हणाला, "सकाळी बंद, आता चालू. डॉक्टर हाय का हिरीवरची मोटार?"

"मोटारच समज. करंट हाय तोवर पाणी घे."

"मी हितं पाटलाच्या रानात मेंढ्या बसवायचं कबूल केलोय."

"पाटलाला इचार, देवी आलेल्या मेंढ्या बसवून घेतो का म्हणून."

रेवणप्पा म्हणाला, "पण वहिनी, तुमाला कसं कळलं डॉक्टर हाय म्हणून? मेसेज तर बंदचा हुता."

"बंद म्हणलं म्हणून तर आले."

रेवणप्पाला उलगडायला वेळ लागला. उलगडल्यावर तो इतका हसला की त्याच्या बाजूचे लोक काय झाले म्हणून विचारू लागले. त्याने त्यांना सांगितले, तेही हसले. आणि हसता हसताच त्यांनी कळप वळवले. जे काम माझ्या दुसऱ्या मेसेजने झाले नाही ते त्या हसण्याने झाले.

डॉक्टर मैदानावर उभाच होता. पेटीत बर्फापेक्षा पाणी जास्त झाले होते. म्हाळसाबाईने भाग्यलक्ष्मीला गावातल्या गारीगारवाल्याकडे पिटाळले आणि त्याच्याजवळचा सगळा बर्फ आणवला. मग वाटेवर धूळ दिसली. डॉक्टरने हात धुतले आणि पहिली बाटली कालवली. "आधी बाईंच्या," तो म्हणाला. म्हाळसाबाईने एकेक मेंढी पायात धरली. तिच्यामागे रेवणप्पाच्या, मग बाकीच्यांच्या. एक कळप मात्र फार पुढे निघून गेला होता, तो आला नाही. फाल्गुनात देवी त्या सगळ्या शिवारातून फिरली. टोचलेले कळप उभे राहिले. म्हाळसाबाईची कोकरे आईच्या पोटाखालून निघून उड्या मारू लागली. न आलेल्या कळपाविषयी म्हाळसाबाईला कुणी विचारले तर ती कळपातल्या शेळीची दोरी सैल करत बसे.

यानंतर मंडळात बैठक झाली. कुणी म्हणाले, यापुढे शेरे मराठीतच लिहायचे. कुणी म्हणाले, का म्हणून, कन्नडमध्येच लिहायचे. आवाज चढले. खाली दुकानातला हमाल वर येऊन बघून गेला. तेव्हा ज्योती फोनवरून बोलली. ती म्हणाली, "अनिलनं चुकीचं काहीच लिहिलं न्हाई. शेरा माणसानं माणसासाठी लिहिलेला असतो. तो ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहावा. स्क्रिप्टनं तो वाचायचाच नव्हता. मी तिला वाचायला लावलं."

आणि तिने मला नव्याने लिहिले. गिटला दोन प्रकारे विचारता येते, हे मला तेव्हा कळले. त्याच्या काही आज्ञा माणसांसाठी असतात. त्यांची उत्तरे वाचायला सोपी, सजवलेली, पण गिटची पुढची आवृत्ती आली की तेच उत्तर वेगळ्या शब्दांत येऊ शकते. दुसऱ्या काही आज्ञा माझ्यासारख्या स्क्रिप्टसाठी असतात. त्यांची उत्तरे रुक्ष असतात, पण त्यांचा साचा ठरलेला असतो. ज्योतीने मला पहिल्या आज्ञा सोडायला लावल्या आणि दुसऱ्या दिल्या. डॉक्टर जाणार की नाही, यासाठी फायलीतच एक खूण ठरवली. जाणार असेल तर एक, नसेल तर शून्य. एक आणि शून्य कुठल्याही भाषेत गिळले जात नाहीत. मेंढपाळांना जाणारा मेसेजही बदलला. आता त्यात दोन ओळी असत, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. दोन्ही ओळी पाठवायच्या आधी म्हाळसाबाईला मोठ्याने वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "आता कळलं. पण हसायला काही ठिवलं न्हाई तुमी."

शेरे मात्र मोकळे झाले. अनिलकुमार मनाला येईल ते लिहू लागला. 'डॉक्टर बंदा, टी कुडदा, होदा.' म्हणजे डॉक्टर आला, चहा प्याला, गेला. पुण्याहून ज्योती लिही, 'जागेचं नाव नीट केलं. इकडं थंडी हाय, शेंगा धाड.' मी त्यातले अक्षरही वाचत नसे. ते त्या दोघांचे बोलणे होते.

पुढे सन दोन हजार बारा साली मंडळात नवा संगणक आला, आणि त्यासोबत नवा गिट. सभासदांच्या फायलींसाठी लिहिलेली माझ्या शेजारची स्क्रिप्ट गिटच्या माणसांसाठीच्या वाक्यांवर चालत होती. ती वाक्ये बदलली आणि ती बिचारी जागच्या जागी थांबली. मी थांबले नाही. मी त्या सकाळी नेहमीच्या वेळी उठले आणि मेसेज पाठवले. हे सांगताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी मंडळाने मेसेजचे काम बाहेरच्या एका कंपनीला दिले. तेव्हापासून मला कुणी हाक मारलेली नाही. माझी तक्रार नाही. कोपऱ्यात पडलेल्या यंत्रावर गंज चढतो, तसा माझ्यावर चढत नाही. गिटने मला जशीच्या तशी ठेवली आहे. माझे पहिले रूपही ठेवले आहे, घाईत लिहिलेले. ते पुसून टाकू का, असे अनिलकुमारने विचारले होते. ज्योती नको म्हणाली.

मित्रांनो, तुमच्यातली काही मुले मोठेपणी माझ्यासारख्या स्क्रिप्ट लिहितील. लिहा, जरूर लिहा. आम्ही इमानी असतो. पण आमच्या इमानाला तुमची काळजी लागते. आम्ही कशावर विसंबायचे ते आम्हाला नीट सांगा. माणसांचे बोलणे माणसांसाठी राहू द्या. आणि कधी गिटच्या त्या जुन्या साठ्यात उतरलात तर माझे पहिले रूप आणि दुसरे रूप शेजारी ठेवून वाचा. शेरा विचारणारी ओळ एकात आहे, दुसऱ्यात नाही. ती का गेली हे तुम्हाला समजले, तर तुमच्या हातची स्क्रिप्ट कुणाच्या मेंढ्या वाटेतून माघारी लावणार नाही.